खणाच्या उरलेल्या कापडाचे स्क्रंची

ब्लाउज शिवून आल्यावर शिंप्याकडून कापडाचे तुकडे मागून घ्यायला विसरू नका. खणाची 20 इंच लांब आणि 4 इंच रुंद पट्टी निघाली की एक स्क्रंची (केसांना बांधायचा चुण्यांचा कापडी रबर) होतो. अखंड पट्टी नसेल तर दोन तुकडे जोडा, चुण्यांत जोड दिसत नाही. कापण्याआधी कापड एकदा वेगळं धुवा. सुती खण आटतो आणि रंगही सोडतो.

पट्टी सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडा आणि टीप मारा. मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला. नुसता धावदोरा ताणला की उसवतो. खणाचे दोरे फार सुटतात, म्हणून कडेला अर्धा इंच सोडाच. (पहिल्या वेळी मी पाव इंच सोडला होता. आठवड्यात दोरे लोंबायला लागले!) आता नळी सुलटी करा. पाव इंच रुंदीचं 8 इंच इलॅस्टिक घ्या, सेफ्टी पिन लावून परकराची नाडी ओवतो तसं ओवा. दुसरं टोक पिनेनं कापडाला टाचून ठेवा, नाहीतर ते आत पळतं. टोकांना घट्ट गाठ मारा, मग कापडाचं एक टोक आत दुमडून दुसरं त्यात सरकवा आणि बारीक टाके घाला.

केस दाट असतील तर इलॅस्टिक 9 इंच घ्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा हे केव्हाही बरं.