डिकॅल्बला आलात? आधी विद्यापीठाचं कॅलेंडर बघा

शिकागोच्या पश्चिमेला साधारण 65 मैलांवर, मका आणि सोयाबीनच्या शेतांच्या मधोमध, चाळीसेक हजार वस्तीचं डिकॅल्ब आहे. इथे नव्याने येणारी मराठी मंडळी दोन प्रकारची असतात. नॉर्दर्न इलिनॉय युनिव्हर्सिटीत, म्हणजे एनआययूत, एम.एस.ला आलेली मुलं, आणि नोकरीमुळे किंवा जोडीदाराच्या मागोमाग आलेली कुटुंबं. मुलांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे वर्ग, लॅब आणि पुढची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काही काळ काम करायची परवानगी. कुटुंबांना वाटतं, आपण कुठे शिकतोय, आपला काय संबंध? माझ्या मते दोघंही अर्धंच बघतात. हे सरकारी विद्यापीठ आहे, अख्खं गाव त्याच्या वेळापत्रकावर चालतं, आणि त्याची बरीच दारं कुठलंही ओळखपत्र न दाखवता उघडतात.

आधी घराचं. वर्ग ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात, म्हणून कॅम्पसजवळचे भाडेकरार बहुतेक ऑगस्ट ते जुलै असे असतात. चांगली घरं वसंतातच बोलून ठेवलेली असतात, त्यामुळे जुलैत शोधायला निघालात तर उरलंसुरलं मिळतं. जानेवारीत येणार असाल तर उलट फायदा आहे. डिसेंबरमध्ये पदवी घेऊन निघालेल्यांना उरलेल्या महिन्यांचा करार कुणाच्या तरी गळ्यात घालायचा असतो, तेव्हा भाव करा. फक्त घरमालकाची लेखी परवानगी घ्या. दोस्तीखात्यात चावी घेऊन राहू नका. अ‍ॅनी ग्लिडन रोडच्या आसपासच्या इमारती कॅम्पसच्या जवळ आणि स्वस्त, पण शुक्रवारी रात्री झोप विसरा. लहान मुलं असतील तर गावाच्या दक्षिण भागात किंवा शेजारच्या सिकॅमोरमध्ये बघा. सिकॅमोर हे काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण. तिथे शांतता आहे, मात्र गाडीशिवाय पंचाईत.

डिकॅल्बमध्ये सुरुवातीचे महिने गाडीवाचून निघतात, तेही विद्यापीठामुळेच. विद्यार्थ्यांची हस्की लाइन आणि शहराची बससेवा 2019 मध्ये एकत्र झाली. आज त्याच बसमध्ये पाठीवर सॅक घेतलेली पोरं असतात आणि दवाखान्यात निघालेल्या आजीबाईही. एल्बर्नला जाणारी बस पकडली की तिथून मेट्राच्या लोकलने थेट शिकागो. मात्र वर्ग चालू असतानाचं वेळापत्रक वेगळं आणि सुटीतलं वेगळं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आणि डिसेंबरअखेर फेऱ्या घटतात, आणि नेमके तेव्हाच हातात किराण्याच्या पिशव्या आणि बाहेर उणे तापमान असतं. म्हणून शीर्षकात कॅलेंडर म्हटलं.

आता एका सवयीबद्दल. भारतातून फोन आला की पहिला प्रश्न येतो, ‘रँकिंग किती?’ आणि लगेच दुसरा, ‘अर्बाना-शँपेन नाही का मिळालं?’ राज्यातलं सगळ्यात नावाजलेलं सरकारी विद्यापीठ ते, हे खरंच. पण एनआययूचं काम वेगळं आहे. 1895 मध्ये इलिनॉय विधिमंडळाने याची स्थापना केली ती शिक्षक तयार करण्यासाठी, म्हणजे आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयासारखी. गावाने त्यासाठी जोर लावला आणि जमीन दिली जोसेफ ग्लिडनने. याच ग्लिडनने 1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट घेतलं होतं, आणि डिकॅल्बचा पैसा त्या तारेतूनच आला. गढीसारखी दिसणारी आल्टगेल्ड हॉल ही पहिली इमारत. आल्टगेल्ड हे तेव्हाचे गव्हर्नर, आणि राज्यातल्या इतर सरकारी कॅम्पसांवरही त्या काळातल्या अशाच गढ्या सापडतील. ‘युनिव्हर्सिटी’ हे नाव मिळालं 1957 मध्ये. आजही तुमच्या मुलाच्या शाळेतल्या बाई, बँकेतला हिशेबनीस, इस्पितळातली नर्स यांना सहज विचारून बघा. बरेच जण इथलेच निघतील. इथली बरीच मुलं घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच असतात. शनिवारी काम करून शिकणाऱ्या अशा मुलांशेजारी बसलात की रँकिंगची चर्चा जरा पोकळ वाटायला लागते. असो.

विद्यार्थी नसलेल्यांनी कुठली दारं ठोठावावीत? सर्वात आधी फाउंडर्स मेमोरियल लायब्ररी. आत जाऊन बसायला कुणी अडवत नाही. आग्नेय आशियाचा तिथला संग्रह नामांकित आहे, कारण 1963 पासून इथे त्या भागाचा अभ्यास चालतो. मक्याच्या शेतांमध्ये ब्रह्मदेशाच्या अभ्यासाचं केंद्र असावं याचं मला अजूनही नवल वाटतं. संगीत विभागाच्या बऱ्याच मैफली फुकट असतात. स्टीलपॅन, म्हणजे त्रिनिदादचं तेलाच्या पिंपापासून बनलेलं वाद्य, त्याचा बँड इथे 1973 पासून आहे. मुलांना एकदा न्याच. विद्यापीठाचं वाचा-श्रवण चिकित्सालय सर्वांसाठी खुलं आहे. मूल उशिरा बोलतंय किंवा आईबाबांना कमी ऐकू येतंय, तर तिथे चौकशी करा. शिकाऊ विद्यार्थी तपासतात, पण वर अनुभवी माणसं असतात. आणि गाडीत 89.5 एफएम लावा. तो डब्ल्यूएनआयजे, विद्यापीठाचाच रेडिओ. शाळेच्या बोर्डात काय भांडण चाललंय ते व्हॉट्सअ‍ॅपवर नाही कळत.

घरी बसावं लागणाऱ्या जोडीदारांची घुसमट मी जवळून पाहिली आहे. एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या एच व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, पूर्णवेळ शिकता येतं. एफ-2 वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी नाही आणि पूर्णवेळ पदवीही नाही, पण अर्धवेळ वर्ग घेता येतात. मॉल्टा गावातलं किशवॉकी कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज जवळच आहे आणि फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी. दोन वर्षं तिथे आणि मग एनआययूत बदली हा रस्ता इथली मुलंही घेतात. एफ-1 वाल्यांनी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी, सत्र चालू असताना कॅम्पसवरचे आठवड्याचे 20 तास सांभाळावेत आणि बाहेरचं रोखीचं काम कितीही गोड वाटलं तरी घेऊ नये. महिनाअखेर तंगी आलीच तर विद्यार्थ्यांसाठी हस्की फूड पँट्री आहे. आपली मुलं लाजतात. लाजू नका, ती त्यासाठीच आहे.

विद्यापीठावर टेकलेल्या गावाची दुखणीही समजून घ्या. 2015 ते 2017 अशी दोन वर्षं राज्याचं पूर्ण अंदाजपत्रकच मंजूर झालं नाही. सरकारी विद्यापीठांचे पैसे अडकले आणि त्याची झळ सलूनपासून पिझ्झाच्या दुकानापर्यंत पोचली. विद्यार्थीही कमी झालेत. एके काळी 25 हजारांच्या आसपास होते, आता 15-16 हजार. रिकामी दुकानं दिसली तर हे लक्षात ठेवा, आणि स्थानिक लोक राज्याच्या बजेटबद्दल तावातावाने बोलतात तेव्हा ऐकून घ्या. 14 फेब्रुवारीला इथे केवळ गुलाब नसतात. 2008 साली त्या दिवशी विद्यापीठाच्या कोल हॉलमध्ये गोळीबारात पाच विद्यार्थी गेले. त्या दिवशी ऑफिसात व्हॅलेंटाइनचे विनोद जपून करा.

आनंदाचा विषय हवा असेल तर फुटबॉल काढा, अर्थात अमेरिकन. 7 सप्टेंबर 2024 ला एनआययूने बलाढ्य नॉत्र दाम विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर 16-14 ने हरवलं. या एका वाक्यावर कुठल्याही शेजाऱ्याशी मैत्री होते, खेळाचे नियम कळले नाहीत तरी. घरच्या सामन्याच्या दिवशी मात्र स्टेडियमच्या बाजूने गाडी नेऊ नका.

आणि आपलं माणूस, आपलं अन्न? त्यासाठी पूर्वेला जावं लागतं. ऑरोराचं बालाजी मंदिर सगळ्यात जवळचं मोठं देऊळ, नेपरव्हिलला पटेल ब्रदर्स, आणि गणपती-दिवाळीला शिकागोचं महाराष्ट्र मंडळ. आय-88 महामार्गावर टोल आहे, तेव्हा टोल भरायचा आय-पास आधी घ्या. गाडी नसलेल्या मुलांनो, कुटुंबवाल्यांना बिनधास्त विचारा. मागच्या सीटवर जागा असते. पीठ-तांदळाच्या पोत्यांसाठी डिकीतली जागा मात्र आधी सांगून ठेवा.