स्की भाड्याने घेताना मधला आकडा बघा

साताऱ्याहून गुलमर्ग किंवा औलीला जाणारे बरेच जण दुकानदार हातात देईल ती स्की घेतात. मग सकाळच्या कडक बर्फावर ती सटकते, नाहीतर ताज्या भुसभुशीत बर्फात रुतते. दोन्हीकडे चालेल अशी जोडी ओळखायला दोन मिनिटं पुरतात.

१. स्कीवर १३०-९०-११५ असे तीन आकडे छापलेले असतात, मिलिमीटरमध्ये. पुढची रुंदी, कंबर, मागची रुंदी. बघायची ती कंबर. ८५ ते ९५ असेल तर दाबलेल्या बर्फावर धार पकडते आणि नव्या बर्फातही बऱ्यापैकी तरंगते. १०० च्या पुढची स्की गुलमर्गच्या वरच्या उतारांवर मजा आणते, पण नवख्याला वळवताना घाम फोडते.

२. लांबी: उभी धरल्यावर हनुवटी ते कपाळ. नवख्याने हनुवटीकडे राहावं.

३. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. तिचा ब्रेक, म्हणजे बूट सुटल्यावर स्की घसरत जाऊ न देणारे दोन दांडे, कंबरेएवढा किंवा किंचित रुंद हवा. अरुंद ब्रेक स्कीच्या कडेला अडकतो. बुटाचा तळ त्या बाइंडिंगला चालतो ना, हेही विचारून घ्या.

बाइंडिंगमधून बूट किती जोराला सुटायचा, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवर ठरतं. यवतेश्वरचा घाट पळत चढत असलात तरी इथे ‘नवखा’ असंच सांगा. आणि हा जोर ठरवणारा बाइंडिंगचा स्क्रू स्वतः आवळू नका, दुकानातल्या जाणकाराकडूनच लावून घ्या. पडल्यावर बूट सुटला नाही तर गुडघ्यावर बेततं.