चेहऱ्याच्या दोन बाजूंतील असमानता फिलरने कमी करताना

कोणत्याही चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, म्हणून आधी ठरवावे की आपल्याला खटकणारा फरक हाडाचा आहे, स्नायूंचा, दातांच्या ठेवणीचा की त्वचेखालील चरबी कमी झाल्याचा. कारण फिलर, म्हणजे त्वचेखाली सुईने भरला जाणारा जेलसारखा पदार्थ, भरून काढतो तो मुख्यतः आकारमानातील उणेपणा. चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला असेल, तर फिलरचा विचार सोडून तातडीने रुग्णालय गाठावे, कारण ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते.

पहिल्या भेटीत समोरून, दोन्ही बाजूंनी आणि हसताना छायाचित्रे काढून घ्यावीत. आरशातील प्रतिमा उलटी असल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये. सुरुवातीला हायलुरॉनिक आम्लाचा फिलरच निवडावा, असे माझे ठाम मत आहे: तो साधारणपणे ६ ते १८ महिने टिकतो आणि परिणाम न आवडल्यास हायलुरोनिडेज या विकराने (एन्झाइमने) विरघळवता येतो. उणी बाजू एकाच बैठकीत पूर्ण भरण्याचा आग्रह धरू नये; थोडे भरून, सूज उतरल्यावर सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणे हिताचे.

सर्वांत गंभीर धोका फिलर रक्तवाहिनीत शिरण्याचा आहे. तीव्र वेदना, त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळसर पडणे अथवा दृष्टी धूसर होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना कळवावे. म्हणूनच हायलुरोनिडेज हाताशी ठेवणाऱ्या, प्रशिक्षित डॉक्टरांकडेच हे उपचार घ्यावेत.