रात्री सारखं लघवीला उठताय? पाणी बंद करण्याआधी पोट मोजा, आणि या चुका टाळा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पन्नाशी उलटलेला माणूस रात्री दोन-तीनदा उठायला लागला की सल्ले ठरलेले, संध्याकाळनंतर पाणी पिऊ नका आणि प्रोस्टेट दाखवून घ्या. काकूंना तर तेवढंही नाही, वयाचं आहे म्हणून विषय बंद. सुटलेल्या पोटाकडे कुणी बघतच नाही. पोटाचा घेर जास्त असलेल्यांत रात्री उठणं जास्त दिसतं. प्रत्येकाच्या बाबतीत कारण तेच असेल असं नाही, पण तपासून बघायला टेप सोडून काही लागत नाही.

पँटच्या साइजवर विश्वास ठेवणं
सुदामा नगरचे एक काका छातीठोक सांगायचे की कंबर ३६ च आहे, कॉलेजपासून तीच. पट्टा मात्र ढेरीच्या खाली! टेप नीट लावली तर ४१ निघाली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच आणि बायकांना ८० म्हणजे साडेएकतीस, त्याच्या वर गेलं की पोट सुटलं समजा, मग हातपाय कितीही काटकुळे असोत.

घोरणं हसण्यावारी नेणं
माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पोटातल्या चरबीचा मूत्राशयावर दाब येतो आणि थोडं भरलं तरी घाई होते, हे पटकन पटतं. पण पोटाबरोबर गळ्याभोवतीही चरबी चढते, झोपेत श्वासाची वाट मिटते, माणूस बंद वाटेतून श्वास ओढायला जातो, छातीत ताण येऊन हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, म्हणून ते एक हार्मोन सोडतं आणि किडन्या भर रात्री लघवी तयार करत बसतात. जाग खरी श्वास अडकल्याने येते, माणूस म्हणतो लघवीने झोप मोडली. घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो, दचकून उठतो, दुपारी खुर्चीत डुलक्या काढतो असं वहिनी सांगत असतील तर डॉक्टरला विचारून स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी करा. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार निघाला तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लावल्यावर बऱ्याच लोकांच्या फेऱ्याही कमी होतात.

पाणी तोडायचं आणि शेव चालू ठेवायची
सकाळी पोह्यांवर शेव, चहाबरोबर नमकीन आणि रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत मसाला लावलेलं तळलेलं गराडू, मग दोष पाण्याला! जपानमध्ये नागासाकीच्या डॉक्टरांनी जास्त मीठ खाणाऱ्यांचं मीठ कमी करून बघितलं आणि २०१७ मध्ये त्याचे आकडे मांडले, ज्यांचं रोजचं १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आलं त्यांच्या रात्रीच्या फेऱ्या सरासरी २.३ वरून १.४ झाल्या. दिवसा पाणी नेहमीसारखं प्या, झोपायच्या आधी दोन-तीन तास चहा, दारू आणि लोटाभर पाणी एवढं टाळा.

संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर खोल वळ दिसतो का तेही बघा. पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री बाहेर पडतं. अशांनी संध्याकाळी तासभर पाय वर करून पडलेलं बरं. बीपीच्या ॲम्लोडिपिननेही पाय सुजतात, आणि लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर वेळ बदलता येईल का हे डॉक्टरला विचारा, पण मनाने काही बंद करू नका.

नुसतं "खूप वेळा होते" सांगणं
याने डॉक्टरला काहीच कळत नाही. एक जुना मापाचा मग बाथरूममध्ये ठेवा आणि तीन दिवस वेळ आणि किती झाली ते लिहा. दर वेळी थोडी-थोडीच होत असेल तर गडबड मूत्राशयाकडे किंवा प्रोस्टेटकडे असू शकते, पण दर वेळी मापाचा मग भरत असेल तर लघवी मुळातच रात्री जास्त बनतेय. रात्रीची सगळी आणि सकाळची पहिली मिळून चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली तर वयस्करांत ती जास्तच धरतात. मग शुगर, बीपी, झोप, पायाची सूज हे सगळं बघावं लागतं. पोट सुटलेल्यात शुगर वाढायची शक्यता जास्त, आणि वाढलेली साखर लघवीतून जाताना पाणी ओढून नेते.

क्रंचेसने, म्हणजे पोटाच्या व्यायामाने ढेरी वितळत नाही, भैया. स्नायू घट्ट होतील, चरबी जाते ती एकूण खाणं आणि चालणं यानेच.

आणि लघवीत रक्त, जळजळ, ताप, अचानक वाढलेली तहान, पाय सुजून दम लागणं यातलं काहीही असेल तर टेप आणि मापाचा मग बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जा. लघवी अडकून पोट तट्ट फुगलं असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच इमर्जन्सीत जा.