कंट्री रेकॉर्डवरची पेडल स्टील: कानाने ओळखून हाताने बसवायची कशी

व्हॅन शिपले यांच्या हवाईयन गिटारवरच्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत, ते अमेरिकी कंट्री संगीतातली पेडल स्टील, म्हणजे पायाच्या पेडलने तारांचे सूर बदलणारी आडवी गिटार, पहिल्यांदा ऐकताना हमखास फसतात. दोन्ही वाद्यांत तारेवर लोखंडी बार फिरतो आणि दोन्हींत सूर घसरत जातो, मग फरक तो काय? फरक असा, की हवाईयन गिटारवर बार सरळ धरून सरकवला की त्याखालचे सगळे सूर एकत्र सरकतात, म्हणजे सगळी मींडच. पेडल स्टीलवर एक सूर जागचा हलत नाही आणि त्याच क्षणी शेजारचा वर चढतो. सा स्थिर आणि पचा ध होतोय, असं ऐकू आलं की समजावं, पायाखाली पेडल आहे.

ही खूण पक्की झाल्याशिवाय जुन्या रेकॉर्डकडे वळू नका. हँक विल्यम्सच्या गाण्यांतली रडवी स्टील ऐकून लोक सर्रास 'पेडल स्टील' म्हणतात. ती डॉन हेल्म्सची आहे आणि तिला पेडल नव्हती. पॅट्सी क्लाइनच्या १९५७ च्या 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'मध्येही तेच हेल्म्स आणि तीच बिनपेडलची स्टील. अशा गाण्यातली जागा पेडल दाबून काढायला गेलात, तर सूर बरोबर लागतील पण ढंग चुकेल.

कानाला सवय लावायची तर सुरुवात वेब पिअर्सच्या 'स्लोली'पासून करा. ध्वनिमुद्रण १९५३ च्या अखेरचं, रेकॉर्ड गाजली १९५४ मध्ये, स्टील बड आयझॅक्सची. पेडल त्याआधीही होती, पण ती मुख्यतः ट्यूनिंग बदलण्यापुरती वापरली जात. आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि तो बदलच ऐकणाऱ्याच्या कानावर घातला. त्याच्या एकाच पेडलने पचा ध आणि गचा म एकदम होत असे. पुढे बडी एमन्स आणि जिमी डे या स्टीलवादकांनी हे काम दोन पेडलांत वाटून घेतलं. आजची ए आणि बी पेडल ती हीच. ए सर्वांत डावीकडे असेल तर मांडणी एमन्सची, क्रम उलटा असेल तर डेची. वाद्य विकत घेताना हे आधी विचारा, कारण पायाची सवय नंतर मोडत नाही.

आता वाद्य. दहा तारांचं ई-नाइन ट्यूनिंग पहिल्या तारेपासून असं: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. तारांची जाडी इंचात, त्याच क्रमाने: ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२०, ०.०२६, ०.०३०, ०.०३४, ०.०३८. सर्वांत उंच सूर पहिल्या तारेवर नसून तिसरीवर आहे, हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. वरच्या दोन तारा एमन्सने १९६२ मध्ये घातल्या. ई हा सा धरला तर त्या रे आणि नी आहेत, म्हणजे बार न हलवता सरगम पुरी करणाऱ्या.

त्याच हिशेबाने पेडलही सरगमीत पाठ करा, इंग्रजी सुरांपेक्षा लवकर डोक्यात बसतात. ए पेडल पाचव्या आणि दहाव्या तारेवरच्या पचा ध करतं. बी पेडल तिसऱ्या आणि सहाव्या तारेवरच्या गचा म करतं. सी पेडल चौथ्या तारेवर साचा रे आणि पाचवीवर पचा ध करतं. गुडघ्याच्या दोन लिव्हर चौथ्या आणि आठव्या तारेवरचा सा अर्धा सूर हलवतात: एक वर, कोमल रेकडे, तिला एफ लिव्हर म्हणतात, दुसरी खाली, नीकडे. बाकीच्या लिव्हर महिनाभर विसरून जा.

ट्यूनरचा काटा सगळीकडे शून्यावर आणलात तर स्टील बेसूर वाजते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ट्यूनरवरच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरता असतो. स्टीलला तोच हवा. म्हणून ए आणि बी दाबलेली ठेवून ई शून्यावर आणा, कारण पेडल दाबल्यावर लाकडी सांगाडा किंचित वाकतो आणि न ओढलेल्या ताराही काही सेंट उतरतात. पेडल सोडून बीच्या तारा लावा. जी शार्प कानाने, सुमारे १४ सेंट खाली. मोकळ्या तारा खुंट्यांनी लावून झाल्या की मगच एकेक पेडल दाबून उजव्या टोकावरचे नायलॉनचे नट फिरवा. बी पेडलचा म जवळपास शून्यावर येईल, ए पेडलचा ध साधारण १६ सेंट खाली आणि एफ लिव्हरचा सूर तीसेक सेंट खाली. हा क्रम उलटा केलात तर लावलेलं सगळं पुन्हा हलतं.

तिसरी तार तुटत राहील, ते गृहीतच धरा. ०.०११ ची बारीक तार, जाडीच्या मानाने ताण सर्वांत जास्त, आणि बी पेडल तिला दर वेळी आणखी ओढतं. ती तुटते बहुधा उजवीकडे, जिथे ती चेंजरच्या (पेडल दाबल्यावर तार ओढणाऱ्या भागाच्या) गोलाईवर वाकते तिथे. त्या गोलाईवर खाच पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या. नुसती नवी तार घालून फरक पडणार नाही.

बसवायला घेताना आधी पट्टी शोधा. साठच्या दशकातल्या स्टीरिओ रेकॉर्डमध्ये स्टील बऱ्याचदा एकाच बाजूला ठेवलेली असते, तेव्हा एकच कान वापरा. गायकाची ओळ संपते तिथे कान टवकारा, स्टील तिथेच बोलते. सूर न बदलता वेग ६० टक्क्यांवर आणा. टेपच्या वेगामुळे सगळी रेकॉर्ड काही सेंट वर किंवा खाली असू शकते, अशा वेळी वाद्य रेकॉर्डला लावा.

समजा पट्टी जी आहे. तिसऱ्या फ्रेटवर (स्टीलवर फ्रेट म्हणजे नुसती आखलेली रेघ) बार ठेवून चौथी, पाचवी, सहावी तार छेडा: सा, प, ग. ए आणि बी दाबा: सा, ध, म, म्हणजे सी कॉर्ड. सोडा, परत घरी. जुन्या कंट्रीतली निम्मी वाक्यं या एका हालचालीवर उभी आहेत. दोन्ही पेडल दाबूनच पाचव्या फ्रेटवर गेलात की डी कॉर्ड मिळते. जी कॉर्ड आणखी दोन ठिकाणी सापडते: दहाव्या फ्रेटवर ए-बी दाबून, आणि सहाव्यावर ए पेडल व एफ लिव्हर मिळून. सहाव्यावर मात्र बार रेघेच्या चारेक मिलिमीटर पुढे, ब्रिजकडे ठेवावा लागतो, कारण तिथला सा म्हणजे आपण १६ सेंट उतरवलेला ध आहे. नेमक्या रेघेवर बार ठेवणारा तिथे उतरता वाजतो आणि दोष ट्यूनरला देतो.

रेकॉर्डमधली जागा यांपैकी कुठली, हे वरच्या सुरावरून ठरवायचं. वरचा सूर स्थिर आणि आतला चढला तर तिसरा फ्रेट. सगळे एकत्र सरकून आले तर बार हलला आहे, मुक्काम कुठे झाला ते पाहा.

उजव्या पायाखालचं व्हॉल्यूम पेडल हे या वाद्याचं फुप्फुस. तार छेडताना ते अर्ध्यावर असू द्या आणि सूर विरायला लागला की हळूहळू उघडा. आधीच पूर्ण उघडलंत तर विरता सूर धरायला काहीच शिल्लक राहत नाही. छेडताना बंद ठेवून मग उघडलंत तर सूर पेटीच्या भात्यासारखा फुगतो. दोन सुरांमध्ये उजव्या तळव्याच्या कडेने तारा दाबून आवाज तोडणंही तितकंच गरजेचं, नाहीतर सगळा चिखल.

वाजवणारा कोण, हे ओळखायला खाणाखुणा आहेत. बक ओवेन्सच्या १९६४ च्या 'टुगेदर अगेन'मधला टॉम ब्रमलीचा तुकडा आधी बसवा. त्यात भराभर काही नाही, सगळी कमाल पेडल किती हळू दाबलं यात आहे. कॉनी स्मिथच्या त्याच वर्षीच्या 'वन्स अ डे'मध्ये वेल्डन मायरिकची स्टील अगदी लखलखीत, तिहाईच्या टोकासारखी. पीट ड्रेक (टॅमी वायनेटचं 'स्टँड बाय युअर मॅन', १९६८) कमीत कमी सुरांत काम भागवतो, म्हणून नवशिक्याला तो सोपा वाटतो. तसा तो नाही. जॉन ह्यूई वरच्या फ्रेटवर लांब, रडवे सूर धरतो. व्हिन्स गिलच्या 'लुक अ‍ॅट अस'ची सुरुवात ऐका. त्या उंचीवर बार केसभर चुकला तरी कळतं, ते शेवटासाठी ठेवा.

आवरणावरच्या नावांवर मात्र विसंबू नका. स्टुडिओतल्या वादकांची नावं जुन्या एलपींवर अनेकदा नसतच, आणि गायकाच्या दौऱ्यातला वादक रेकॉर्डवर असेलच असं नाही. एकाच एलपीवर दोन वेगळे स्टीलवादकही असू शकतात: द बर्ड्सच्या १९६८ च्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'वर नॅशव्हिलमध्ये लॉइड ग्रीन आहेत आणि लॉस एंजेलिसमध्ये जेडी मॅनेस. खात्री करायची तर पुनर्प्रकाशित संचांतल्या पुस्तिकांमधल्या सत्रनोंदी पाहा. जर्मनीच्या बेअर फॅमिली या रेकॉर्ड कंपनीच्या संचांत त्या तपशीलवार असतात.

घरी स्टील नसेल तर साध्या इलेक्ट्रिक गिटारवरही पेडलची जात कळते. पहिली आणि दुसरी तार दहाव्या फ्रेटवर करंगळीने आणि अनामिकेने धरा. तिसरी नवव्या फ्रेटवर मधल्या बोटाने, मागे तर्जनीचा आधार. तिन्ही एकत्र छेडा आणि फक्त तिसरी तार पूर्ण एक सूर ताणा. डीच्या पट्टीत रेचा ग होतो, वरचे प आणि सा तसेच राहतात. ताणताना वरच्या तारा हलल्या तर मनगट फिरतंय, जोर फक्त मधल्या बोटातून यायला हवा. अकूस्टिकवर तिसरी तार बहुधा गुंडाळलेली असते आणि ती एवढी ताणली जात नाही. त्यासाठी ०.००९ किंवा ०.०१० चा इलेक्ट्रिक संच लागतो.