स्वस्त सायकल घेतली? आधी मिस्त्रीकडे न्या
जळगाव-धुळ्याच्या मोठ्या सवलतीच्या दुकानातून पोरासाठी सायकल घेताय? घ्या, पण थेट शाळेच्या रस्त्यावर सोडू नका. ती खोक्यात अर्धवट सुटी येते आणि बऱ्याचदा घाईत जोडली जाते.

दुकानातच पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, बघा. त्याचा बाक पुढे हवा. उलटा बसवलेला चिमटा मी स्वतः पाहिलाय, आणि त्यावर लेकरू बसणार होतं! चाक उचलून फिरवा. एकाच जागी ब्रेकच्या रबराला घासत असेल तर चाकात आऊट आहे, म्हणजे चाक वाकडं आहे. दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकला, चाकं फिरता कामा नयेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळतं. जोर लावून तिरकं बसवलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे जातात.

मग गल्लीतल्या मिस्त्रीकडून छऱ्यांना ग्रीस लावून, आरे आवळून घ्या. महिन्याभराने पुन्हा एकदा. त्याची मजुरी किमतीत धरूनच स्वस्त की महाग ते ठरवा.

हवा टायरच्या कडेवर लिहिली असेल तेवढीच भरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सायकल सावलीतच लावा.