पाळलेला साप कात टाकायला आला की असा का वागतो, आणि आपल्या कोरड्या हवेत त्याला कसं सांभाळायचं

डोळे दुधाळ निळे पडलेत, उंदीर समोर धरला तरी तोंड फिरवतोय, दिवसभर हाइडमधून (टँकमधल्या लपायच्या जागेतून) बाहेर येत नाही आणि हात घातला की फुस्स करून अंगावर येतोय... असं दिसलं की घरच्यांचा जीव वर-खाली होतो, पण घाबरू नका, बहुतेक वेळा साप आजारी नसतो, कात टाकायला आलेला असतो. वागणं समजून घेतलं तर टेन्शन राहत नाही, आणि मराठवाड्यात खरं लक्ष द्यायचंय ते हवेतल्या ओलाव्याकडं, त्यावर पुढं सविस्तर लिहिलंय.

आधी एक महत्त्वाचं. हे सगळं मी बॉल पायथॉन आणि कॉर्न स्नेक या परदेशी, बिनविषारी सापांबद्दल सांगतोय. नाग, धामण, अजगर, मांडूळ, दिवड असले आपल्या इथले साप घरात ठेवायचेच नाहीत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, विषारी असो की बिनविषारी. घरात असा साप किंवा ताजी कात दिसली तर सर्पमित्राला बोलवा नाहीतर वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. बॉल पायथॉन साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो, त्यामुळं ज्यांच्याकडं आहे त्यांनी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करून ठेवा, त्यासाठी २०२४ मध्ये वेगळे नियम आलेत.

आता होतं काय ते बघा. सापाच्या कातडीचा वरचा थर मेलेला असतो, तो वाढत नाही, आणि साप तर आयुष्यभर थोडाथोडा वाढतच राहतो. म्हणून आतून नवा थर तयार होतो आणि जुन्या-नव्याच्या मधे एक पातळ द्रव भरतो. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक गोल पारदर्शक खवला असतो आणि तो पण कातेबरोबरच निघतो, त्यामुळं तो द्रव डोळ्यावर आला की डोळा निळसर धुरकट दिसतो. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, म्हणूनच तो दचकतो, लपतो आणि चावायला येतो. त्याला राग वगैरे काही आलेला नसतो, समोर काय हललं ते कळत नाही म्हणून भीती वाटते एवढंच.

साधारण क्रम असा असतो. आधी रंग मळकट होतो, नक्षी फिकी पडते, बॉल पायथॉनचं पोट गुलाबीसर दिसायला लागतं. मग डोळे निळे होतात. काही दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात, आणि इथंच नवीन लोक फसतात, त्यांना वाटतं झालं सगळं, आणि साप हातात घेऊन लेकरांना दाखवत बसतात. कात अजून निघालेलीच नसते! डोळे स्वच्छ झाल्यावर तीन-चार दिवसांनी साप नाक दगडाला, लाकडाला घासायला लागतो, तोंडाजवळ कात सुटते आणि मग तो पुढं सरकत पायमोजा उलटा काढावा तशी अख्खी कात मागं सोडून देतो. सगळं मिळून एक ते दोन आठवडे जातात. लहान पिल्लं लवकर वाढतात म्हणून महिन्या-दीड महिन्याला कात टाकतात, मोठ्या सापांचं अंतर बरंच जास्त असतं.

या काळात करायचं काय? सगळ्यात आधी, हात लावायचा नाही. टँकमधलं पाणी बदलायचं, घाण काढायची, बास. पाहुणे आलेत म्हणून बाहेर काढायचं नाही, नवीन कातडी आत नाजूक असते, ओढाताण झाली तर इजा होते. खायला द्यायची पण घाई नको, बरेच साप आपणहून खात नाहीत आणि तब्येतीने चांगला असलेला साप दोन आठवडे उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. जबरदस्तीने तर अजिबातच खाऊ घालू नका. काही साप पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतात, बसू द्या, फक्त गोचिडीसारखे बारीक काळे-तांबडे किडे पाण्यात किंवा डोळ्याच्या कडेला दिसतायत का ते बघा, तसं असेल तर तो किड्यांच्या त्रासानं पाण्यात बसलाय, कातेमुळं नाही.

आता ओलाव्याचं. बॉल पायथॉन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, तो तिथं उंदरांच्या बिळांत, वारुळांत राहतो, बाहेर कोरडं असलं तरी बिळात ओल असते. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला, तिथली हवा दमट. आणि आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, दुपारची हवा पार कोरडी होते, ओठ फुटतात तिथं सापाच्या कातेचं काय होत असेल विचार करा. तोच साप श्रावणात एका तुकड्यात कात काढतो आणि एप्रिलमध्ये चिंध्या चिंध्या करून टाकतो, कारण मधला द्रव वाळला की जुना थर नव्याला चिकटून बसतो. थंडीतपण सावध राहा, हीट मॅट (टँक गरम ठेवणारी विजेची चटई) रात्रंदिवस चालू असते आणि टँकमधली ओल उडवत असते.

म्हणून हवेतला ओलावा मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर घ्याच, महाग नसतो, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. रंग मळकट झाला की बॉल पायथॉनसाठी ७० टक्क्यांच्या आसपास आणि कॉर्न स्नेकसाठी ६० च्या पुढं ओलावा ठेवा. वरती जाळी असेल तर अर्धी जाळी ओल्या गोणपाटानं झाका, अर्धी हवेसाठी मोकळी सोडा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ओला हाइड, झाकणाच्या प्लास्टिक डब्याला साप जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि आत धुऊन घट्ट पिळलेलं कोकोपीट भरा, ते कुठल्याही नर्सरीत मिळतं. मला स्वतःला फुटक्या माठाचं बूड जास्त आवडतं, कडा घासायच्या, पाण्यात भिजवायचं आणि उपडं ठेवायचं, माती ओल धरून ठेवते आणि नाक घासायला खडबडीत जागा पण मिळते. खोलीत कूलर असेल तर त्याचा ओलावा उपयोगाचा आहे, फक्त थेट झोत टँकवर नको. आणि सगळा टँक चिखल करून ठेवू नका, कायम ओल्यात राहिलं तर पोटाच्या खवल्यांवर फोड येतात, ते कात अडकण्यापेक्षा वाईट.

कात निघाली की लगेच फेकू नका, आधी ओली असतानाच उलगडून बघा. डोक्याच्या भागात दोन्ही डोळ्यांचे गोल खवले आहेत का? शेपटीचं टोक आहे का? ही दोनच ठिकाणं खरी धोक्याची. शेपटीला कातेचं कडं राहिलं तर ते वाळून आवळतं, रक्त पोचत नाही आणि टोक काळं पडून गळू शकतं. (कात सापापेक्षा लांब भरते, त्यावरून सापाची लांबी मोजू नका, ताणलेली असते ती.)

तुकडे राहिले असतील तर हवेशीर डब्यात सापाच्या अर्ध्या जाडीएवढं कोमट पाणी घ्या, २९-३० अंश, थर्मामीटरनं बघून. उन्हाळ्यात दुपारी टाकीचं पाणी चटका देतं, ते थेट वापरू नका, आणि माठातलं गार पण नको. २०-३० मिनिटं ठेवा, तिथंच बसून राहा, मग ओल्या टॉवेलमधून त्याला स्वतःहून सरकू द्या, बहुतेक कात तिथंच सुटते. नाही सुटली तर दुसऱ्या दिवशी परत. ओढायचं नाही, खोबरेल तेल, व्हॅसलीन काही लावायचं नाही, आणि डोळ्यावरचा खवला राहिला तर चिमटा हातातच घेऊ नका, खालचा नवा खवला निघाला तर डोळा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातेपर्यंत थांबलं तरी बऱ्याचदा तो निघून जातो. दोन वेळा लागोपाठ डोळ्यावरचं राहिलं, शेपटी काळी पडायला लागली, किंवा साप फारच लवकर लवकर कात टाकतोय असं वाटलं तर डॉक्टरच गाठा, जखम किंवा किड्यांमुळंही असं होतं. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आधी फोन करून साप बघणारे कोणी आहेत का ते विचारून मगच निघा, उन्हात प्रवास असेल तर पहाटे.

कात नीट निघाली की एक-दोन दिवसांनी खायला द्या, तेव्हा भूक जोरात असते म्हणून हातानं नाही, लांब चिमट्यानं द्या. बरेचजण कातेनंतर लगेच शी करतात, टँक त्याच दिवशी साफ करून घ्या, हात साबणानं धुवा, लेकरांचे पण. आणि तारीख लिहून ठेवा, कात कशी निघाली ते पण, पुढच्या वेळी रंग मळकट होण्याआधीच माठाचं बूड भिजवायला टाकता येतं.